अकरा चेहऱ्यांची दुरुस्ती

नऊ वर्षं मी वर्तमानपत्रासाठी फोटो काढले आणि त्या नऊ वर्षांत एकाही माणसाला ‘इकडे बघा’ असं म्हटलं नाही. माझा धंदाच उलटा होता. माणूस कॅमेऱ्याकडे बघेनासा झाला, की मी बटण दाबायचे. भाषण ऐकताना पेंगलेला मंत्री, आग विझवून झाल्यावर पायरीवर बसून बूट उलटा करणारा जवान, शर्यत हरल्यावर गर्दीत आईला शोधणारी मुलगी. लोक म्हणायचे, हिच्या फोटोत माणूस सापडतो. मग मालकांना आमच्या वर्तमानपत्रात तोटा सापडला आणि एका दुपारी आम्ही चौदा जण आपापले डबे घेऊन घरी आलो.

त्यानंतर सहा महिने मी काम शोधत होते. घरं विकणाऱ्या एका एजंटाने रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायला बोलावलं. खोली मोठी आणि हसरी दिसली पाहिजे, म्हणाला. मी भिंतीवरच्या ओलीचा फोटो काढला, कारण संध्याकाळचं ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं. पुन्हा बोलावणं आलं नाही. एका शाळेत वर्गाचा फोटो काढला. चाळीस मुलं आणि त्यातल्या एकाचं बोट नाकात. माझ्या मते अख्ख्या फोटोत जिवंत तेवढा तोच होता. मुख्याध्यापिकाबाईंचं मत वेगळं पडलं. एका दंतवैद्याला जाहिरातीसाठी पेशंटचे चेहरे हवे होते. मी ते आत जाण्याआधी टिपले. त्यात भीती फार सुरेख आली होती.

“अगं, माणूस हसत असताना दाब ना ते बटण,” आई म्हणाली. “तुझ्या काकाचं काय जातंय?”

शेवटी दादाने निकाल लावला. शनिवारपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मामाच्या टायरच्या गोदामात नोंदी ठेवायला जायचं. मामा तयारच होता. आई म्हणाली, “फोटोच काढायचेत ना? मग टायरचे काढ. टायर हलत नाही आणि जांभईही देत नाही.” वहिनीला इतकं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसले, पण आतून माझी तंतरली होती. गोदाम वाईट नव्हतं, मामा तर देवमाणूस. पण आमचा मावसभाऊ त्या गोदामात ‘दोनच महिन्यांसाठी’ गेला होता, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मला फोटो काढूनच पोट भरायचं होतं. दुसरं काही मला येत नव्हतं आणि यावं अशी इच्छाही नव्हती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. मी सोमवारी सकाळी पासपोर्ट ऑफिससमोरच्या ‘तीन मिनिटांत फोटो’ या दुकानात गेले. पूर्वी अशा दुकानांना मी फोटोंची पिठाची गिरणी म्हणायचे.

दुकान दोन खाटांएवढं. एक पांढरा पडदा, एक गोल स्टूल, दोन दिवे, एक कॉम्प्युटर आणि छापायचं मशीन. मालक सत्तरीला टेकलेले. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवसभर ‘हनुवटी वर, हनुवटी खाली, जरा खाली, तिथेच’ चालायचं, म्हणून सगळे त्यांना हनुवटीकाका म्हणत. आता त्यांचे हात थरथरू लागले होते आणि फोटो हलत होते. माझ्या कात्रणांच्या वहीतले वर्तमानपत्रातले फोटो त्यांनी शांतपणे बघितले, वही मिटली आणि विचारलं, “यातला एक तरी माणूस सरळ बघतोय का?”

“नाही.”

“दोन्ही कान दिसतायत असा?”

“एक आहे. पण तो पळतोय.”

“आठवडाभर या,” ते म्हणाले. “शनिवारी सांगतो.”

या दुकानाची खरी मालकीण रस्त्यापलीकडे बसायची. पासपोर्ट ऑफिसच्या चौथ्या खिडकीतल्या बाई. त्यांनाही नाव नव्हतं, त्या ‘खिडकी चार’. अर्ज आणि फोटो त्या तपासायच्या. डोळ्यावर केस आला, परत. ओठ फाकले, परत. कानाची पाळी झाकली, परत. आणि परत आलेला माणूस आधी आमच्या दुकानात येऊन भांडायचा.

सोमवारी माझे चार परत आले. एकाला शिंक येणार होती, आणि शिंक येण्याआधी माणसाच्या तोंडावर जी आशा असते ती मला सोडवली नाही. मंगळवारी दोन. बुधवारी एक, तोही गिऱ्हाईक उचक्या देत होतं म्हणून. हनुवटीकाका ओरडत नसत, फक्त परत आलेला फोटो माझ्यासमोर ठेवून म्हणत, “बाई, इथे बातमी नको. इथे माणूस नको. इथे फक्त तोंड हवं.” गुरुवारी एकही परत आला नाही. मी दिवसभर ‘हनुवटी खाली’ म्हणत होते. घरी गेल्यावर जेवताना दादालाही म्हणाले.

आता दुकानाबाहेरच्या अर्जवाल्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ आम्हा दोघांचा मिळून आहे. दुकानाच्या पायरीशी टेबलखुर्ची टाकून ते लोकांचे अर्ज भरून देत. सव्वीस वर्षांचा अनुभव, अक्षर मोत्यासारखं आणि त्याचा गर्वही तेवढाच. अर्जात ‘ओळखीची खूण’ म्हणून एक रकाना असतो. अर्जवाले त्याबद्दल कुणाला काही विचारत नसत. मान वर करायची, समोरच्या तोंडाकडे एकदा बघायचं आणि पहिलं जे दिसेल ते लिहून टाकायचं. गालावर तीळ. नाकावर देवीचा वण. हनुवटीवर टाक्यांची खूण. मग माणूस पायरी चढून फोटोला आत यायचा. गेली सव्वीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं, कारण आत हनुवटीकाका होते आणि त्यांना कॉम्प्युटरवर फोटो छापण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मला येत होतं.

शुक्रवारी दुपारी काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि दुकान माझ्यावर सोपवलं. पहिल्या आल्या त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. साठीच्या असतील, बारीक अंगाच्या, बोटात अजून शिवताना घालायचं अंगठीसारखं अंगुस्तान. उजव्या भुवईवरून कपाळात गेलेला एक जुना, पांढरा पडलेला व्रण. फोटो पडद्यावर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “हे जरा काढता येतं का गं?”

दोन मिनिटांचं काम. मी व्रण पुसला. मावशी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरी दिसते की मी.” आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

सहा महिन्यांत मला कुणी बरं म्हटलं नव्हतं. ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं, दुसरं काय! त्यानंतर दहा माणसं आली आणि कुणी मागितलं नसताना मी दहाही जणांची तोंडं दुरुस्त केली. तीळ पुसले, वण भरले, एका रिक्षावाल्याच्या नाकावरची मस उडवली, एका आजोबांच्या गालावरचं लासं, म्हणजे भलामोठा लाखेसारखा डाग, पुसून टाकलं. सगळे खूश होऊन गेले. पी हळद आणि हो गोरी, असा तो कारभार. मी घरी जाऊन आईला सांगितलं, “उद्या नोकरी पक्की.”

शनिवारी सकाळी साडेदहाला पासपोर्ट ऑफिसच्या दारातून अकरा माणसं एकदम बाहेर पडली आणि रस्ता ओलांडू लागली. मला आधी वाटलं मोर्चा आहे. सवयीने माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. मग त्यातला रिक्षावाला मी ओळखला. त्यानेही मला ओळखलं.

“माझी मस कुठाय?” तो दुकानात शिरत ओरडला. “पंचवीस वर्षं सांभाळलेली मस! ती बाई म्हणते, अर्जात मस आहे, फोटोत मस नाही, मग नाकावर आहे ती कुणाची?”

मागून आजोबा, त्यांच्यामागे दोघी जावा, एक स्वयंपाकी, एक मास्तर. प्रत्येकजण आपापल्या खुणेवर बोट ठेवून उभा. अर्जवाले पायरीवरून आत डोकावले आणि अकराही अर्जांवर आपलंच मोत्यासारखं अक्षर पाहून त्यांचा चेहरा पडला. “मी लिहायचं आणि तुम्ही पुसायचं?” ते म्हणाले. “अहो, सव्वीस वर्षांत माझी एक खूण परत आली नव्हती!”

हनुवटीकाकांनी अकरा फोटो टेबलावर मांडले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “खिडकी एक वाजता बंद होते,” ते म्हणाले. “एकच्या आत अकराच्या अकरा पास झाले तर सोमवारी या. एक जरी राहिला तर येऊ नका. मला आता रोज रोज भांडणं झेपत नाहीत.”

मी बाह्या सरसावल्या.

भडकलेल्या माणसाचं तोंड सरळ ठेवणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. ओठ मिटले तर भुवया चढतात, भुवया उतरल्या तर नाकपुड्या फुलतात. मग मला एक युक्ती सुचली. स्टुलावर बसलेल्याला मी विचारायचे, “ही खूण कशी झाली?” आणि माणूस सांगू लागायचा. सांगून झालं की तो तोंड मिटतो आणि क्षणभर डोळे त्या गोष्टीतच असतात. तेवढ्यात बटण दाबायचं. दोन्ही कान, मिटलेले ओठ, सरळ नजर, आणि तरीही माणूस शाबूत. आजोबांचं लासं जन्मापासूनचं निघालं. त्यावरून आईने त्यांना जत्रेतल्या गर्दीतून दोनदा शोधून काढलं होतं. मास्तरांच्या हनुवटीवरचे टाके चोराशी झटापट करताना पडले, असं ते म्हणाले. त्यांचा भाऊही बरोबर आला होता. तो मागून म्हणाला, “बाजेवरून पडला होता.” मास्तर जे गप्प झाले, तो त्या दिवसातला सगळ्यात उत्तम फोटो.

एकेक जण रस्ता ओलांडून जात होता. रिक्षावाला पास. दोघी जावा पास. स्वयंपाकी पास. हनुवटीकाका दारात उभे राहून मोजत होते. बारा पंचविसला दहावा माणूस पलीकडून हात हलवत निघून गेला.

उरल्या शिवणकामवाल्या मावशी. सगळ्यांना पुढे जाऊ देऊन त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मी स्टूल पुसलं. “या मावशी, दोन मिनिटं.”

“मी नाही बसणार,” मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना कालचाच फोटो हवाय. मी समजावू लागले. म्हटलं, मावशी, तो घरी ठेवा, मी मोठा करून देते, पण सरकारला खरा लागतो. गोड बोलले, घड्याळ दाखवलं. माझ्या नोकरीचंही सांगितलं, तेही अगदी रडवेल्या आवाजात, आणि हे आठवलं की मला अजून माझीच लाज वाटते.

“फोटोचं नाही गं,” त्या म्हणाल्या. “फोटो काढ हवा तसा. तोंड माझंच आहे, मी आरशात रोज बघते. पण मघाशी त्या बाईंनी सगळ्या रांगेसमोर मोठ्याने वाचलं. ओळखीची खूण, कपाळावर व्रण. मला माहीतच नव्हतं असं लिहिलंय. मी नुसती सही केली होती.” त्यांनी अर्ज माझ्यापुढे धरला. “हा व्रण नवऱ्याने केलाय. पितळी तांब्या फेकून. तो जाऊन आठ वर्षं झाली. आता परदेशी लेकीकडे चाललेय, तिचं बाळंतपण करायला. पहिल्यांदा एकटी कुठे चाललेय, आणि तिथेही दारातले साहेब मला त्याच्या खुणेवरून ओळखणार?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मेलेल्या माणसावर, अर्जवाल्यांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. मी काल तो व्रण पुसला होता, पण तो कसला आहे हे विचारलं नव्हतं. आज दहा जणांना विचारलं, तेही फोटो नीट यावा म्हणून.

“दुसरी खूण आहे का तुमची?” मी विचारलं.

मावशींनी अंगुस्तान काढून डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. टोकाला घट्टा, खडबडीत, त्यात सुईच्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके. “चाळीस वर्षांचं शिवण आहे हे. दोन लेकी शिकवल्या यावर. हे माझं मी केलेलं.”

मी अर्ज घेऊन पायरीवर पळाले. अर्जवाले म्हणाले, खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज लागेल, चार पानं आहेत, आणि सुंदर अक्षराला वेळ लागतो. बारा पस्तीस झाले होते. दोन मिनिटांचा फोटो काढून, मावशींना कसंबसं पटवून, जुन्याच अर्जासकट पलीकडे पाठवणं अजूनही शक्य होतं. मला टायरचा वास यायला लागला होता, खोटं कशाला बोलू!

“भाऊ,” मी म्हणाले, “आज वाईट अक्षरात लिहा.”

अर्जवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची किडनीच मागितली होती. मग त्यांनी आतल्या मावशींकडे बघितलं, कपाळाकडे नाही, हाताकडे, आणि पेनाचं टोपण काढलं. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदा भराभर लिहीत होते. तेवढ्यात मी मावशींना स्टुलावर बसवलं आणि या वेळी काही विचारलं नाही. ‘हनुवटी खाली’सुद्धा म्हणावं लागलं नाही. त्या सरळ बघत होत्या. व्रण होता तिथे होता.

छापायचं मशीन तीन मिनिटं घेतं हे मी जन्मात विसरणार नाही. फोटो ओला असतानाच आम्ही रस्ता ओलांडला. एका हातात मावशी, दुसऱ्या हातात फोटो, मागे अर्जवाले शेवटच्या पानावर फुंकर घालत. एका सायकलवाल्याने आम्हाला शिव्या घातल्या, त्या त्याच्या जागी रास्तच होत्या.

चौथ्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला. वाचला. फोटो बघितला, मावशींकडे बघितलं.

“कपाळावर एवढा व्रण आहे आणि खूण घट्ट्याची लिहिलीय?” त्या म्हणाल्या. “व्रण का नाही लिहिला?”

“तो माझा नाही,” मावशी म्हणाल्या.

नियमाचं पुस्तक बाईंच्या कोपराशीच होतं आणि आता त्या ते उघडणार, याची मला खात्री होती. त्यांनी खिडकीच्या फटीतून हात बाहेर काढला. “बघू बोट.” मावशींनी बोट दिलं. बाईंनी ते आपल्या अंगठ्याने दाबून बघितलं, घट्टा खरा आहे का ते तपासावं तसं. खरा होता. तरी त्यांनी बोट लगेच सोडलं नाही.

“कुठे चाललात?” त्यांनी विचारलं.

“लेकीकडे.”

बाईंनी शिक्का मारला. दुसरा मारला. पावती फाडून दिली आणि म्हणाल्या, “सांभाळून जा.” अर्जवाल्यांनी नंतर मला शपथेवर सांगितलं, की सव्वीस वर्षांत त्या खिडकीतून ‘पुढचा’ याखेरीज निरोपाचा दुसरा शब्द बाहेर आला नव्हता.

मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजून सहा मिनिटं.

मावशी मला पोटाशी धरून काहीतरी बोलत होत्या, मला ऐकूच येत नव्हतं. मी रस्ता ओलांडून आले तेव्हा हनुवटीकाका दारातच उभे होते, हातात घड्याळ.

“अकरा झाले,” मी म्हणाले. “पण एकच्या आत नाही झाले.” सांगून टाकलेलं बरं. नाहीतरी त्यांनी पाहिलंच असणार.

काका पलीकडे बघत राहिले. ऑफिसच्या दारातून चौथी खिडकी दिसत होती, अजून उघडी. आतून बाईंनी हात लांब केला आणि मग कुठे ती खट्‌कन बंद झाली.

“तीस वर्षं या गल्लीत ती खिडकी बंद होते तेव्हाच एक वाजतो,” काका म्हणाले आणि आपलं घड्याळ सहा मिनिटं मागे केलं. “सोमवारी नऊला या. आणि तोंडं आहेत तशी ठेवा.”